रिपोर्ट नॉर्मल आहे, पण मी नाही

इंदूरच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय 41, शाळेत आठवी-नववीला गणित शिकवतात. साडेतीन आठवड्यांपूर्वी शाळेतून घरी येताना गाडीसमोर कुत्रं आलं, गाडी घसरली, हेल्मेट होतं पण डोकं रस्त्यावर आपटलं. बेशुद्ध पडल्या नाहीत, पण त्यानंतरची पाच-दहा मिनिटं नीट आठवत नाहीत. एक उलटी झाली. कॅज्युअल्टीत सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला, "काही नाहीये, आराम करा" असं सांगून तीन-चार गोळ्या देऊन घरी पाठवलं. तेव्हापासून डोकं दुखतं, ट्यूबलाइट सहन होत नाही, मिक्सर लावला की रडू येतं, वह्या तपासायला घेतल्या की आकडे हलतात, रात्री उजव्या कुशीवर वळलं की खोली गरगर फिरते. सासूबाईंनी पडदे ओढून खोलीत अंधार केलाय, मोबाइल काढून घेतलाय, अंघोळीला जातानाही सोबत कोणीतरी असतं. मिस्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग काय एवढं. अठरा वर्षांपासूनचे फॅमिली डॉक्टर दुसऱ्या भेटीत म्हणाले टेन्शन घेऊ नका, आणि झोपेची गोळी वाढवून दिली. ताई विचारतात: मुंबईला मोठ्या न्यूरोलॉजिस्टकडे जाऊन एमआरआय करू का? फॅमिली डॉक्टर बदलू का? हे सेशन संपेपर्यंत रजा टाकू की राजीनामाच देऊ? आणि शेवटी एकच ओळ, "की खरंच माझ्या मनाचे खेळ आहेत?"

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय की हे पत्र चार दिवस लागले लिहायला, पाच-सात ओळी झाल्या की अक्षरं सरकायला लागायची म्हणून पुढचं मुलाला सांगून लिहून घेतलं, आणि मुलाचं अक्षर सुरू होतं तिथे कागदावर खरंच फरक दिसतोय. त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मनाचे खेळ नाहीत हो. तुम्हाला कंकशन झालंय, म्हणजे डोक्याला झटका बसून मेंदूचं काम काही काळ बिघडलंय, त्याची लक्षणं अशीच असतात, आणि तुमची जवळजवळ सगळी लक्षणं सुधारण्यासारखी आहेत.

मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, सव्वीस वर्षं इंदुरातच काम करतेय, आणि डोक्याला मार लागलेली माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक तीन-चार महिने उलटल्यावर, सगळीकडे फिरून थकून. त्यातल्या कितीतरी जणांना पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच कोणी नीट बसवून समजावलं असतं तर माझ्यापर्यंत यायची वेळच आली नसती. तुम्ही साडेतीन आठवड्यांतच लिहिलंत, बरं झालं.

बाकीचं बोलायच्या आधी एक गोष्ट, आणि ही घरातल्या सगळ्यांनी वाचा. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढतच चालली, उलट्या परत-परत व्हायला लागल्या, माणूस गुंगीत जायला लागलं किंवा उठवून उठत नाही, बोलणं अडखळतंय, हात किंवा पाय लुळा वाटतोय, फिट आली, एकाचं दोन दिसतंय, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळतंय, तर घरी थांबायचं नाही, 108 ला फोन करायचा आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, मग आधीचा सीटी कितीही नॉर्मल असो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा वय 65 च्या पुढे असेल तर जास्तच सावध, कारण म्हाताऱ्या माणसांत थोडंथोडं रक्त साठत जाऊन दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा त्रास दिसायला लागतो. तुमच्या पत्रात यातलं काही नाहीये, डोकेदुखी आहे तेवढीच आहे, थोडी कमीच झालीय असं तुम्हीच लिहिलंय. म्हणून पुढचं निवांत बोलू.

आता ते रिपोर्ट नॉर्मल प्रकरण. सीटी कशासाठी करतात? कवटीला तडा गेलाय का, आत रक्त साठलंय का, हे बघायला. म्हणजे आत्ता लगेच ऑपरेशनची वेळ आहे का नाही एवढं तो सांगतो, आणि ते कळणं फार महत्त्वाचं आहे, त्यांनी केला ते योग्यच केलं. पण कंकशन सीटीत दिसतच नाही. आपण म्हणतो ना मुका मार, वरून काही दिसत नाही, कातडी फाटलेली नाही, हाड मोडलेलं नाही, तरी महिनाभर ठणकतं, तसा हा मेंदूला लागलेला मुका मार आहे. झटका बसल्यावर मेंदूच्या पेशींमधलं पोटॅशियम बाहेर जातं, कॅल्शियम आत घुसतं, ते परत जागच्या जागी आणायला पेशींना जास्त ताकद लागते, आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा थोडा कमी पडतो. घरातलं वायरिंग सगळं ठीक, पण व्होल्टेज कमी आलंय, बल्ब लागतो पण फ्रिज उचलत नाही, असं समजा. तुम्ही उठता, बोलता, चहा करता, म्हणजे बल्ब लागलाय, आणि नववीच्या चाळीस वह्या हा फ्रिज आहे.

मिस्टरांना एक मॅच आठवतेय का विचारा, क्रिकेट बघत असतील तर नक्की आठवेल. डिसेंबर 2020, कॅनबेरा, ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली टी-ट्वेंटी. शेवटच्या ओव्हरमध्ये जडेजाच्या हेल्मेटला बॉल लागला, तो पडला नाही, खेळत राहिला, नाबाद 44 करून परत गेला. आणि मग फिल्डिंगला आलाच नाही, त्याच्या जागी कंकशन सब्स्टिट्यूट म्हणून चहल आला. आयसीसीने तो नियम ऑगस्ट 2019 पासून आणलाय, कारण माणूस उभा आहे, बोलतोय, रन काढतोय म्हणजे डोक्याला काही झालं नाही असं धरता येत नाही हे त्यांनाही पटलं. तुम्ही स्वतः उठून गाडी बाजूला लावलीत आणि घरी फोन केलात, म्हणून मिस्टरांना वाटतंय लागलं नसेल एवढं. वाईट हेतू नाहीये त्यांचा, त्यांना फक्त कोणी सांगितलेलं नाही.

आणि सासूबाई. ताई, त्यांच्यावर रागावू नका, पत्रात थोडा राग दिसतोय. पडदे ओढणं, मोबाइल लपवणं, ताट खोलीत आणून देणं, हे सगळं मायेनेच चाललंय, आणि वीस वर्षांपूर्वी आम्ही थेरपिस्ट लोकसुद्धा हेच सांगायचो, अंधार करा, पडून राहा, लक्षणं पूर्ण जाईपर्यंत काही करू नका. आता ते बदललंय. अमेरिकेत 2015 साली एक अभ्यास छापून आला, इमर्जन्सीत आलेल्या 11 ते 22 वयाच्या मुलामुलींपैकी काहींना पाच दिवस कडक आराम सांगितला आणि काहींना एक-दोन दिवस आराम करून मग हळूहळू कामाला लागा म्हणून सांगितलं. पाच दिवसवाल्यांना लक्षणं जास्त जाणवली आणि जायलाही जास्त वेळ लागला. मग 2019 साली बफेलो विद्यापीठाच्या लोकांनी 13 ते 18 वयाच्या 103 खेळाडू मुलांवर बघितलं, रोज हलका एरोबिक व्यायाम केलेली मुलं साधारण 13 दिवसांत बरी झाली आणि नुसतं स्ट्रेचिंग केलेली 17 दिवसांत. ही पोरं तुमच्यापेक्षा खूप लहान आहेत हे खरं, आकडा जसाच्या तसा तुम्हाला लावू नका, पण दिशा तीच आहे आणि मोठ्यांनाही आता तसंच सांगतात. ऑक्टोबर 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला खेळातल्या कंकशनवर जगभरच्या तज्ज्ञांची परिषद झाली, त्यांनीही स्पष्ट सांगितलं की कडक आराम नको, पहिले 24 ते 48 तास थोडं सांभाळून, स्क्रीन कमी, घरातल्या घरात फिरणं चालेल, आणि मग हळूहळू वाढवत न्या.

तुमच्या खोलीत 48 तासांचे साडेतीन आठवडे झालेत. उजेडाचा त्रास होतो म्हणून अंधार केला, आता अंधाराची इतकी सवय झालीय की उजेड आणखी टोचतो. हललं की चक्कर येते म्हणून हलणं बंद, आणि मेंदूला तर चक्कर पचवायला हलणंच लागतं. दिवसभर पडून राहिलं की रात्री झोप येत नाही, झोप नाही म्हणून गोळी, गोळीने सकाळी डोकं जड, डोकं जड म्हणून परत पडून राहायचं. यातलं बरंचसं आता त्या मारापेक्षा त्या खोलीमुळे होतंय, असं मला वाटतं.

म्हणून उद्या सकाळी पडदा अर्धा उघडा. पूर्ण नको, अर्धा. आणि सासूबाईंनाच सोबत घेऊन सात वाजता कॉलनीच्या गार्डनमध्ये दहा मिनिटं चाला, सपाट जागेवर, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत वेगाने. चालायच्या आधी डोकेदुखीला दहापैकी मार्क द्या, समजा तीन. चालताना पाचपर्यंत गेली आणि घरी आल्यावर तासाभरात परत तीनवर आली, तर चालेल, त्याने काही बिघडत नाही, उद्या परत तेवढंच. पाचाच्या वर गेली किंवा दुपारपर्यंत उतरलीच नाही तर उद्या सात मिनिटं करा, बंद करू नका. दोन दिवस नीट गेलं की तीन-चार मिनिटं वाढवा. दोन मार्क आणि एक तास, हे लक्षात ठेवा, तुम्ही गणिताच्या टीचर आहात तुम्हाला हे सोपं जाईल. हाच हिशोब वाचायला, मोबाइलला, स्वयंपाकाला, सगळ्याला लावायचा. आणि मोबाइल सासूबाईंकडून परत घ्या, दहा-दहा मिनिटं बघा, स्क्रीनचा परहेज पहिल्या दोन दिवसांत उपयोगी असतो, महिनाभर नाही.

आता मुंबई. तुमचा सगळा भरवसा या एका गोष्टीवर बसलाय की मोठा डॉक्टर, मोठं मशीन, मग उत्तर मिळेल. मला कळतं का वाटतं ते, नॉर्मल रिपोर्टने तुम्हाला खोटं पाडलंय आणि तुम्हाला असा एक रिपोर्ट हवाय जो तुम्हाला खरं ठरवेल. पण ताई, अशा केसमध्ये एमआरआयसुद्धा बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, आणि मग काय होईल? रात्रभर प्रवास, स्टेशनचा गोंगाट, वेटिंग रूमचे पांढरे लाइट, आणि हातात अजून एक नॉर्मल रिपोर्ट. न्यूरोलॉजिस्टकडे कधीच जाऊ नका असं म्हणत नाहीये मी, वर सांगितलेलं काही झालं तर लगेच, किंवा आता मी सांगतेय ते सगळं करून अजून तीन-चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर नक्की जा, आणि त्यासाठी मुंबईच लागते असंही नाही, इंदुरात चांगले न्यूरोलॉजिस्ट आहेत. पण आत्ता तुम्हाला जे हवंय त्यातलं बहुतेक सगळं तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर मिळू शकतं, त्याच दवाखान्यात जिथून तुम्ही नाराज होऊन आलात.

हे वाचून तुम्हाला राग येईल कदाचित. टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्या माणसाकडे परत का जायचं? ऐका. त्या संध्याकाळी दवाखान्यात किती पेशंट होते ते तुम्हीच लिहिलंय, बाहेर पायऱ्यांपर्यंत लोक बसलेले, तुमचा नंबर 34, आत चार मिनिटं मिळाली, आणि त्या चार मिनिटांत तुम्ही "बरं वाटत नाही, झोप नाही, रडू येतं" एवढंच सांगितलंत. कुशीवर वळल्यावर खोली फिरते हे सांगितलं नाहीत. आकडे हलतात हे सांगितलं नाहीत. मान आखडलीय हे तर पत्रातही शेवटून दुसऱ्या ओळीत आलंय. चूक तुमची नाही, कंकशनमध्ये नेमकं सांगणंच अवघड होतं, आणि त्यांनीही विचारायला हवं होतं, ते त्यांचं चुकलंच. पण अठरा वर्षं ज्यांना तुमची डिलिव्हरी, तुमचं मायग्रेन, सासऱ्यांचं शेवटचं आजारपण माहिती आहे असा डॉक्टर मुंबईत मिळणार नाही. आणि मायग्रेन तुम्हाला आधीपासून आहे हे महत्त्वाचं आहे, आधी मायग्रेन किंवा घाबरण्याचा त्रास असेल तर कंकशन बरं व्हायला जरा जास्त वेळ घेतं, याचा अर्थ ते खोटं आहे असा अजिबात होत नाही, दम्याच्या माणसाला सर्दी जास्त दिवस छळते तसं आहे ते.

तर एक कागद घ्या, मुलाला लिहायला सांगा. रिव्हरमीड नावाची एक प्रश्नावली आहे, 1995 पासून वापरात आहे, तिच्यात 16 लक्षणं असतात, डोकेदुखी, चक्कर, मळमळ, आवाज सहन न होणं, झोप, थकवा, चिडचिड, उदास वाटणं, विसरणं, लक्ष न लागणं, विचाराला वेळ लागणं, धूसर दिसणं, उजेडाचा त्रास वगैरे, आणि प्रत्येकाला 0 ते 4 मार्क द्यायचे, अपघाताच्या आधीच्या मानाने आता किती त्रास आहे असे. तुम्ही तुमची लक्षणं अशीच लिहा. समोर दुसरा रकाना करा, ते कधी होतं. तिसरा रकाना, दिवसातून किती गोळ्या कशाच्या. एवढा कागद समोर ठेवला की कोणत्याही डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडायच्या ऐवजी पेन हातात येतं, मी हे बघितलंय.

कारण कंकशन म्हणजे एकच दुखणं नसतं, चार-पाच वेगवेगळी दुखणी एकाच वेळी गळ्यात पडलेली असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. तुमचंच घ्या.

उजव्या कुशीवर वळलं की खोली फिरते आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात थांबते, हे वाचलं आणि मी तिथेच थांबले. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या भागात बारीक खडे असतात, चुनखडीसारखे, डोकं आपटलं की ते कधीकधी जागेवरून सुटून बाजूच्या नळीत जातात, आणि मग ठराविक बाजूला वळलं की भोवळ येते. कॉटवर बसवून, मान एका बाजूला वळवून पटकन मागे झोपवायचं आणि डोळ्यांकडे बघायचं, खडे सुटले असतील तर डोळे ठराविक पद्धतीने थरथरतात, दिसतं आपल्याला समोर. आणि मग एप्ले नावाच्या अमेरिकन ईएनटी डॉक्टरांच्या नावाची एक पद्धत आहे, डोकं क्रमाक्रमाने वळवत ते खडे परत जागेवर घालवायचे, पाच-दहा मिनिटांचं काम. गेल्या पावसाळ्यात एक काकू आल्या होत्या माझ्याकडे, पाय घसरून न्हाणीघरात पडलेल्या, चार महिने चक्करच्या गोळ्या घेत होत्या आणि चार महिने खुर्चीत बसून झोपत होत्या, आडवं व्हायची भीती. दोनदा एप्ले केलं. दुसऱ्या वेळी उठून बसल्या, मान इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि नुसत्या माझा हात धरून बसून राहिल्या. गोळीने खडा हलत नाही ताई, तो हलवावा लागतो. उलट चक्कर दाबणारी गोळी खूप दिवस घेतली तर मेंदूला तोल परत शिकायला उशीर होतो. हे तुमच्या डॉक्टरांना करता येत असेल तर ते करतील, नाहीतर ईएनटी किंवा फिजिओ. घरी यूट्यूब बघून करू नका, मानेला मार आहे, आधी मान तपासून घ्यायला हवी.

मान. डोकं रस्त्यावर आपटलं तेव्हा मान हलली नसेल असं होईल का? डोकेदुखी मागून, मानेपासून सुरू होऊन कपाळापर्यंत येते असं लिहिलंय तुम्ही, ती बहुतेक मानेची आहे, किंवा मानेची आणि मायग्रेनची मिळून. कॅनडात 2014 साली छापून आलेल्या एका छोट्या अभ्यासात, ज्यांची चक्कर, मानदुखी, डोकेदुखी हटत नव्हती अशा 12 ते 30 वयाच्या लोकांना मानेची आणि तोलाची फिजिओथेरपी दिली, तर 15 पैकी 11 जणांना आठ आठवड्यांत खेळायला परवानगी मिळाली, आणि नुसता आराम आणि हळूहळू व्यायाम करणाऱ्या 14 पैकी एकाला. लोक थोडे होते, तरी मी रोज जे बघते त्याच्याशी हे जुळतं.

दुखण्याच्या गोळ्या मोजा. रोज एक, कधी दोन, असं तुम्ही लिहिलंय. साधी दुखण्याची गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं मिसळलेली असेल तर 10 दिवस, असं काही महिने चाललं की गोळीच डोकेदुखी तयार करायला लागते. तुम्ही अजून त्या टोकाला गेला नाहीत पण वाट तीच आहे. डॉक्टरांना विचारा की आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर कशी आणायची आणि मायग्रेनसाठी रोजची प्रतिबंधाची गोळी लागेल का. झोपेची गोळी मनाने एकदम बंद करू नका, ती कशी कमी करायची ते त्यांनाच विचारा, तोवर दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, सकाळी उठायची वेळ एकच ठेवा, चहा चारनंतर नको. आणि ती मेंदूची ताकद म्हणून दिलेली महागडी गोळी, सिटिकोलिन, तिच्यावर 2012 साली अमेरिकेत 1,213 लोकांवरचा मोठा अभ्यास छापून आला, तुमच्यापेक्षा मोठा मार लागलेले पेशंट होते ते, 90 दिवस गोळी घेतली आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. ते पैसे फिजिओला लावा, एवढं विचारून बघा.

आकडे हलतात त्याचं कारण बहुतेक दोन्ही डोळे जवळच्या गोष्टीवर एकत्र टिकत नाहीत, हे कंकशननंतर खूप दिसतं आणि बरंच आपोआप जातं, नाही गेलं तर डोळ्यांचे व्यायाम आहेत. तोवर ओळीखाली पट्टी धरा, अक्षर मोठं ठेवा, दहा मिनिटांनी खिडकीबाहेर लांब बघा.

आणि रडू येतं, मुलावर ओरडता, त्याची दहावी आहे म्हणून अजून वाईट वाटतं. मेंदूला मार लागल्यावर राग आणि रडू दोन्ही पटकन येतं, आणि त्यात महिनाभर अंधारात एकटं ठेवलं तर कोणालाही येईल. हे पण कागदावर लिहा, लाजू नका, आणि कधी जगण्यातच अर्थ नाही असं वाटलं तर त्याच दिवशी घरात सांगायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा.

राजीनामा अजिबात नको, सेशनभर रजाही नको. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, पण "पूर्ण विश्रांती" अशी नको, हळूहळू रुजू होण्याची. पहिल्या आठवड्यात दोन तास, म्हणजे पिरियड, सकाळचे, फळ्यावर शिकवणं फक्त, वह्या नाहीत, आणि दोन तासांच्या मध्ये स्टाफरूममध्ये नाही तर लायब्ररीत बसायचं, स्टाफरूममध्ये सगळे एकदम बोलतात. मग तीन, मग चार. वह्या सगळ्यात शेवटी, रोज दहा. घरी रोज अर्धा तास सलग वाचता आणि बोलता यायला लागलं की सुरुवात करता येईल, सगळी लक्षणं शून्यावर यायची वाट बघायची गरज नाही. गाडी मात्र इतक्यात नाही, मान पटकन वळवून मागे बघितलं तरी चक्कर येत नाही असं झाल्याशिवाय गाडी हातात घ्यायची नाही, बरं होण्याआधी दुसरा मार लागला तर फार महागात पडतं. आणि ते हेल्मेट टाकून द्या, चांगलं दिसत असलं तरी, एकदा आपटलेलं हेल्मेट आतून चेपलेलं असतं. रंगपंचमीची गेर म्हणजे ती मिरवणूक, राजवाड्याची गर्दी या वर्षी राहू द्या, सानंद संस्थेचं नाटक चुकलं म्हणून हळहळलात, त्याला पुढच्या वेळी जा, कडेची खुर्ची घेऊन.

इथे दोन ओळी आपल्या शहरातल्या फॅमिली डॉक्टरांसाठी, माझं सदर काहीजण वाचतात हे मला माहितीये. डॉक्टरसाहेब, ऑस्ट्रेलियात 2002 साली एक काम छापून आलं, डोक्याला किरकोळ मार लागलेल्या मोठ्या माणसांना पहिल्या आठवड्यातच बोलावून एक माहितीची पुस्तिका दिली, काय त्रास होऊ शकतो, किती दिवस, काय करायचं. तीन महिन्यांनी बघितलं तर या लोकांचा त्रास ज्यांना काहीच दिलं नाही त्यांच्यापेक्षा कमी होता. नवीन मशीन नाही, महाग औषध नाही, एक पुस्तिका आणि थोडं बोलणं. तुमच्याकडे कंकशनचा पेशंट आला की मानेला हात लावून बघा, कॉटवर झोपवून चक्कर येते का बघा, बोटामागे डोळे फिरवायला लावा, झोपून आणि उभं करून बीपी घ्या, गोळ्या मोजा, आणि "बहुतेकजण काही आठवड्यांत बरे होतात, तुम्हीही व्हाल, पण त्रास खरा आहे" हे वाक्य तोंडाने म्हणा, आणि दहा दिवसांनी परत बोलवा. एवढ्याने पुढचे तीन महिने वाचतात पेशंटचे. टेन्शन घेऊ नका म्हटल्याने टेन्शन जात नाही, माणूस फक्त सांगायचं बंद करतं.

ताई, आता तुमचं काम. उद्या सकाळी दवाखान्यात फोन करा आणि कंपाउंडरला सांगा की मला रात्रीचा शेवटचा नंबर द्या, डॉक्टरांशी वीस मिनिटं बोलायचंय, डोक्याच्या मारासंबंधी आहे. शेवटचा नंबर असला की बाहेर कोणी बसलेलं नसतं आणि त्यांनाही घाई नसते. मिस्टरांना घेऊन जा, बाहेर बसवू नका, आत खुर्चीवर बसवा, तुमचं बोलणं त्यांनी ऐकणं गरजेचं आहे, आणि तुम्ही अडखळलात तर कागद ते वाचतील. आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच, "डॉक्टर, मी उजव्या कुशीवर वळले की खोली फिरते, एकदा झोपवून बघता का?"